ऊन, हाड आणि कातडीचा रंग
(अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५० साली दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या राजवटीने लोकसंख्या नोंदणी कायदा केला. प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा वंश लिहिला जाऊ लागला. तो कोठे राहणार, कोणत्या शाळेत शिकणार, कोणाशी लग्न करणार, हे त्या एका शब्दाने ठरू लागले. परंतु गोरा कोण याची व्याख्या करताना कायदेपंडितांची त्रेधा उडाली. दिसण्यात जो उघड गोरा आहे किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो गोरा, अशा आशयाचे कलम अखेर त्यात घालावे लागले. जेथे संशय असेल तेथे अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर माणूस गोरा, अडकून राहिली तर नव्हे. १९८० नंतरच्या दशकातही दरवर्षी शेकडो माणसे अर्जविनंत्या करून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होती. कातडी तीच, कागद तेवढा बदललेला. १९९१ साली तो कायदा रद्द झाला.

ज्या गोष्टीच्या आधारावर एवढे राज्ययंत्र उभारले गेले ती गोष्ट प्रत्यक्षात आहे तरी केवढी? मानवी त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि त्याचे सूक्ष्म कण शेजारच्या पेशींना पुरवितात. काळ्या माणसाच्या अंगात रंगपेशी अधिक असतात असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. सुदानमधील शेतकरी असो वा स्वीडनमधील लोहार, शरीराच्या एकाच भागावरील रंगपेशींची संख्या दोघांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांचा आकार, त्यांची संख्या, त्यांची वाटणी आणि मेलॅनिनचा प्रकार यांत. काळसर-तपकिरी मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. पेशीत पोहोचलेले कण पेशीकेंद्राच्या वरच्या अंगाला, म्हणजे उन्हाकडील बाजूला, टोपीसारखे गोळा होतात. शेतात राबणाऱ्या माणसाने डोक्यावर इरले घ्यावे तशी ही व्यवस्था आहे.

या इरल्याचा उगम शोधताना माणसांनी फार भटकंती केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणारे आणि गुलामगिरीचे विरोधक असलेले डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९० नंतरच्या दशकात असा निबंध वाचला की, निग्रोंचा काळेपणा हा कुष्ठरोगाचा एक प्रकार होय! सद्हेतू असलेला माणूसही आपल्या काळाच्या चौकटीत किती जखडलेला असतो, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यापूर्वी, १७८७ साली, सॅम्युएल स्टॅनहोप स्मिथ यांनी रंगभेदाचे कारण हवामानात शोधले होते आणि सर्व मानव एकाच कुळातले आहेत असे बजावले होते. डार्विनला मात्र हवामानाचे कारण पटले नाही. १८७१ सालच्या ग्रंथात त्याने जोडीदाराच्या आवडीनिवडीवर भर दिला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा अंदाज येथे अपुरा पडला, कारण ऊन शरीरात शिरून नेमके काय करते हे त्याच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

आता प्रश्न मुळापासून घ्यावयाचा तर माणसाच्या अंगावरील केसांपासून सुरुवात करावी लागते. चिंपांझी हा माणसाचा सर्वांत जवळचा नातेवाईक. त्याच्या काळ्या केसांखालची कातडी फिकट असते. माणसाचे पूर्वज आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर लांबलांब चालू लागले, धावू लागले, तेव्हा शरीर थंड ठेवण्याचा प्रश्न बिकट झाला. घाम येणे आणि तो वाळणे हा त्यावरचा उपाय, आणि दाट केसांत तो नीट साधत नाही. केस विरळ झाले, घामाच्या ग्रंथी वाढल्या, आणि विषुववृत्तावरचे ऊन थेट उघड्या कातडीवर पडू लागले. रंगाशी संबंधित एमसी१आर या जनुकातील बदलांच्या अभ्यासावरून २००४ साली असे अनुमान काढण्यात आले की, निदान १२ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतील मानवपूर्वजांची कातडी काळी झालेली होती. आजच्या स्वरूपातील मानवजात अवघी तीन लाख वर्षांची आहे. म्हणजे मानव या नावाने जी जात ओळखली जाते ती जन्मली तीच काळ्या रंगाची. फिकट रंग ही तिच्या इतिहासातील फार अलीकडची घटना होय.

काळेपणाचा फायदा कोणता? कातडीचा कर्करोग टळतो हे पहिले उत्तर, आणि ते खोटेही नाही. ऑस्ट्रेलियात जाऊन वसलेल्या ब्रिटिश वंशाच्या लोकांत या रोगाचे प्रमाण जगात सर्वांत वरच्या पातळीवर आहे. परंतु हा रोग बहुधा उतारवयात, मुलेबाळे झाल्यानंतर गाठतो, आणि निसर्गनिवडीचा हिशेब संततीत होतो. त्यामुळे या उत्तराने अनेकांचे समाधान झाले नाही. १९७८ साली ब्रँडा आणि ईटन या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मानवी रक्तद्रव त्यांनी प्रखर सूर्यप्रकाशासारख्या प्रकाशात ठेवला, तेव्हा तासाभरात त्यातील ३० ते ५० टक्के फोलेट नष्ट झाले. फोलेट म्हणजे पालेभाजीतून मिळणारे ते जीवनसत्त्व, ज्याच्या गोळ्या आज प्रत्येक गर्भवतीला दिल्या जातात. त्याची वाण पडली तर गर्भाच्या मज्जारज्जूची नळी नीट मिटत नाही आणि मूल व्यंग घेऊन जन्मते वा दगावते. पुरुषाच्या बीजनिर्मितीलाही ते लागते. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली हे धागे एकत्र विणले. काळी कातडी टिकली ती मुख्यतः पुढच्या पिढीचे रक्षण करते म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपग्रहांनी मोजलेली अतिनील किरणांची तीव्रता आणि निरनिराळ्या देशांतील मूळ रहिवाशांचा रंग यांचा त्यांनी मेळ घालून पाहिला. तो बहुतांशी बसला.

मग रंग फिकट का व्हावा? हा इतिहास लंडन, मँचेस्टर, ग्लासगो येथील कामगारवस्त्यांतून जातो.

इंग्लंडमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, कोळशाच्या धुराने आकाश झाकले गेले, आणि त्या आकाशाखालच्या अरुंद गल्ल्यांतील मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले. या रोगाला मराठीत मुडदूस म्हणतात. हाडांत चुना भरत नाही, ती मऊ राहतात आणि शरीराच्या भाराने वाकतात. मुलींच्या बाबतीत याचा सर्वांत क्रूर परिणाम पुढे दिसे. कटीची हाडे आकसलेली असल्याने बाळंतपणात मूल अडे आणि कित्येकदा आई व मूल दोघेही जात. १८८८ साली ग्लासगोच्या मर्डॉक कॅमेरॉन या शल्यविशारदाने अशाच मुडदूस झालेल्या स्त्रियांवर पोट चिरून प्रसूती करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि त्या वैद्यकाच्या इतिहासात नोंदल्या गेल्या. ती कीर्ती शल्यविशारदाला मिळाली हे योग्यच. मात्र तशा स्त्रिया एकाच शहरात एवढ्या संख्येने का सापडत होत्या, हा प्रश्न त्या शहराच्या मालकांना विचारावयास हवा होता.

१८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने तो आपल्या परीने विचारला. तो जपानात मिशनरी डॉक्टर म्हणून राहिलेला होता. तेथे न दिसलेला मुडदूस मायदेशी परतल्यावर त्याला जागोजाग दिसू लागला. त्याने चीन, जपान, भारत वगैरे देशांतील ओळखीच्या डॉक्टरांकडून माहिती मागविली. उत्तरे चमत्कारिक होती. जेथे खायला धड मिळत नाही आणि स्वच्छतेचा पत्ता नाही, अशा देशांतील गरिबांच्या मुलांत हा रोग विरळा. श्रीमंत साम्राज्याच्या राजधानीत मात्र तो घरोघरी. पामने निष्कर्ष काढला की, कमतरता आहे ती उन्हाची. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. धूर कमी करावयाचा तर गिरण्यांच्या धुराड्यांना हात घालावा लागला असता.

पुरावा आला तो पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत. १९१८-१९ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील प्रकाशाखाली बसविले. काही आठवड्यांनी क्ष-किरणांच्या चित्रांत हाडे भरून येताना दिसली. त्याने मुलाच्या एकाच हातावर प्रकाश टाकून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे उन्हाने कातडीत काही पदार्थ तयार होत होता आणि तो रक्तावाटे शरीरभर पोहोचत होता. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने हा रोग बरा होतो असे दाखविले. अन्न की ऊन, असा वाद काही वर्षे चालला. अखेर दोन्ही बाजू एकाच पदार्थापर्यंत पोहोचल्या. ते ड जीवनसत्त्व होय. हुल्डशिन्स्की ज्यू होता. वंशशुद्धीचा घोष करणारी राजवट जर्मनीत आल्यावर जर्मन मुलांची हाडे सरळ करणाऱ्या या माणसाला इजिप्तमध्ये आश्रय घ्यावा लागला.

आता रंगाचे कोडे सुटू लागते. अतिनील किरणांतील जो भाग ड जीवनसत्त्व तयार करतो, तोच मेलॅनिन अडवून धरते. विषुववृत्तावर किरणांची रेलचेल असल्याने ही अडवणूक परवडते. लंडनच्या अक्षांशावर साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्य इतका तिरपा असतो की, कातडीत हे जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. तेथे थोडक्या उन्हाचा पुरता लाभ घेणारी फिकट कातडी उपयोगी ठरते. अर्थात काळा आणि गोरा हे चढउताराचे दोन टोकांचे दर्जे नव्हेत. ऊन पुरेसे आत यावे आणि फार आत येऊ नये, अशा दोन परस्परविरोधी गरजांमधली ती निरनिराळ्या जागची तडजोड आहे.

ही तडजोड स्थलांतराने मोडते, याचा अनुभव भारतीय उपखंडातल्या श्रमिकांना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला मजूर हवे होते. पंजाब, गुजरात, पाकिस्तान, बंगाल येथून माणसे गेली. १९६० नंतरच्या दशकात ग्लासगोच्या डॉक्टरांना या कुटुंबांतील मुलांत पुन्हा मुडदूस दिसू लागला. उत्तरेचे ऊन, सावळी कातडी, घरात वा कारखान्यात जाणारा दिवस आणि चपातीप्रधान आहार अशी अनेक कारणे एकत्र आली होती. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने मार्गारिनमध्ये ड जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले होते आणि त्याचा गोऱ्या गरिबांना फायदा झाला होता. तसेच चपातीच्या पिठातही ते मिसळावे, अशी मागणी पुढे आली, तेव्हा मात्र १९८० साली सरकारी समितीने ती मान्य केली नाही. १९८१ साली प्रचारमोहीम निघाली ती आशियाई कुटुंबांना त्यांच्या राहणीबद्दल चार शब्द सांगणारी. एका वर्गासाठी मार्गारिनमध्ये उपाय, दुसऱ्यासाठी कानात उपदेश.

परंतु सूर्य आणि रंग यांचे नाते फूटपट्टीने आखलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. नाही तर एका भाबड्या सिद्धांताच्या जागी दुसरा येऊन बसेल. ग्रीनलंडचे इनुइट लोक आर्क्टिक प्रदेशात राहूनही फारसे फिकट नाहीत. मासे आणि सील यांच्या आहारातून त्यांना ड जीवनसत्त्व भरपूर मिळे, आणि बर्फावरून परावर्तित होणारे ऊनही असते. युरोपचेच पाहा. इंग्लंडमधील चेडर येथील गुहेत १९०३ साली सापडलेल्या, सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जनुकांचा अभ्यास २०१८ साली जाहीर झाला. त्याचे डोळे निळसर आणि कातडी बहुधा गडद काळी-सावळी असावी असे निघाले. स्पेनमधील सात हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याबद्दल २०१४ सालीच असा निष्कर्ष आलेला होता. म्हणजे युरोपात माणूस चाळीस-एक हजार वर्षे राहत असूनही तेथील शिकारी सावळेच होते. फिकट रंग सर्वदूर पसरला तो बराचसा पश्चिम आशियातून आलेल्या शेतकऱ्यांबरोबर आणि त्यानंतरच्या काळात. मासे व शिकार यांऐवजी धान्यावर पोट भरू लागल्यावर आहारातले ड जीवनसत्त्व घटले आणि उन्हावरचा भार वाढला, असे स्पष्टीकरण पुष्कळ संशोधक देतात. ते खरे असेल तर गोऱ्या रंगाला केवळ सूर्य कारण नव्हे. उत्पादनाची पद्धत बदलली, तिचाही त्यात हात आहे.

एवढ्या थोड्या काळात एवढा बदल होऊ शकतो काय? या प्रश्नाचे गणित जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ सालापासून मांडून ठेवले आहे. हे तेच हाल्डेन, जे ‘डेली वर्कर’च्या संपादक मंडळाचे अध्यक्ष होते, कामगारांसाठी त्या पत्रात विज्ञानावर लेख लिहीत, १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या पद्धतीने हिशेब असा येतो: एखाद्या जनुकाच्या प्रतीमागे पिढीगणिक केवळ एक टक्क्याचा लाभ होत असेल, तर शंभरात एक या प्रमाणापासून शंभरात नव्याण्णवपर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ९२० पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरल्यास २३ हजार वर्षे. लाभ पाच टक्के असेल, तर १९० पिढ्या, म्हणजे पावणेपाच हजार वर्षे पुरतात.

तसे एक जनुक सापडले ते एका पट्टेदार माशाच्या कृपेने. झेब्राफिश या, भारताच्या ओढ्यानाल्यांतही आढळणाऱ्या माशाची एक फिकट सोनेरी जात प्रयोगशाळेत पाळली जाते. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी तिच्या फिकटपणाचे जनुक शोधून काढले आणि तेच माणसातही आहे असे दाखविले. एसएलसी२४ए५ असे त्याचे नाव. प्रथिनाच्या साखळीतील १११ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले की मेलॅनिन कमी होते. युरोपीय आणि आफ्रिकी रंगांतील २५ ते ३८ टक्के फरक या एका बदलाने पडतो, असा अंदाज त्यांनी दिला. हा बदल युरोपात जवळपास सर्वांत आहे. चीन-जपानात मात्र तो जवळजवळ नाही. तेथील फिकट रंग वेगळ्याच जनुकांतील बदलांनी स्वतंत्रपणे घडला. ‘गोरेपणा’ नावाची एक वस्तू नसून निरनिराळ्या वाटांनी गाठलेले ते सारखे दिसणारे मुक्काम आहेत. आफ्रिकेतील लोकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रंग गडद करणारे आणि फिकट करणारे असे दोन्ही प्रकारचे कित्येक बदल आफ्रिकेतच फार प्राचीन काळापासून नांदत असल्याचे आढळले.

भारतात हा विषय निघाला की गोरे आर्य आणि काळे अनार्य ही जुनी कथा हटकून पुढे येते. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी मोजून जातीचा दर्जा सांगता येतो असा दावा केला होता, आणि अनेक उच्चवर्णीय विद्वानांना तो गोड लागला. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये वंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. फिशर यांना मानवी कवट्यांच्या असमतोलात वंशश्रेष्ठतेचा पुरावा हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. पुढे त्यांनी स्वतः भारतात बरीच शरीरमापने केली हे खरे. पण परक्या देशातील विद्यार्थिनीने स्वतःच्या मार्गदर्शकाच्या तोंडावर हा निष्कर्ष ठेवला, याला धैर्य लागते.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एसएलसी२४ए५ मधील तोच बदल भारतातही मोठ्या प्रमाणावर आहे, आणि युरोपीयांचा व भारतीयांचा हा बदल एकाच पूर्वजाकडून आलेला आहे, असे त्यात आढळले. तो उत्तरेत अधिक, दक्षिणेत कमी. पण दक्षिणेतही तो आहेच, आणि एकाच गावात, एकाच घरात तो असलेली व नसलेली माणसे सापडतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने सांगितले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या मूळ समूहांची सरमिसळ सर्वत्र झाली. आज स्वतःला वेगळे म्हणविणारे बहुतेक सगळे समाज त्या सरमिसळीतूनच आलेले आहेत. त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाची बंधने आवळली गेली. या देशातील रंगांच्या वाटणीत उन्हाइतकाच या बंधनांचाही वाटा आहे. सूर्याने केलेल्या छटा जातिव्यवस्थेने कुलूप लावून ठेवल्या. मार्क्सवादी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ सालीच दाखविले होते की, मानवी जनुकांतील विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो. ज्यांना वंश म्हणतात त्यांच्यामधला वाटा सहा-सात टक्क्यांचा.

पंढरीचा विठोबा सावळा आहे आणि त्याच्या पायांवर डोके ठेवून परतणारे कुटुंब वधूच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आग्रहाने छापविते. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या एका मलमाने २०२० साली जगभरच्या वर्णद्वेषविरोधी निदर्शनांनंतर आपले नाव तेवढे बदलले. माल चालूच आहे.

दिल्लीतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. हिवाळ्यातही उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांत ड जीवनसत्त्व पुरेसे होते. रुग्णालयात दिवस काढणारे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात आणि गरीब वस्तीतील गर्भवती स्त्रियांत ते फार कमी होते. उन्हाची खाण असलेल्या देशातही कोणाच्या वाट्याला ऊन यायचे हे काम, घर आणि रीतिरिवाज ठरवितात. आतल्या खोलीत विड्या वळणारी स्त्री, तयार कपड्यांच्या कारखान्यात नळीच्या दिव्याखाली दहा तास बसणारी मुलगी, बुरख्यात वा पदराआड वावरणारी सासुरवाशीण यांच्या सावळ्या कातडीला उत्तर युरोपातील माणसापेक्षा अधिक वेळ ऊन लागते, आणि मिळते मात्र कमी. वॉर्डातील आरोग्यशिबिरात अशा स्त्रिया कंबरदुखीची तक्रार घेऊन येतात, तेव्हा गोळी देण्याबरोबर त्या दिवसातून किती वेळ उघड्यावर असतात हे विचारले जावे. खिडकीपाशी बसते असे त्या सांगतील, तर खिडकीला काच आहे काय, हेही विचारावे. कारण ड जीवनसत्त्व घडविणारे किरण काच अडविते.